जंगल पिकासाठी तुटतं की जमिनीसाठी?

पाणकणीस:

उष्णकटिबंधातल्या जंगलतोडीचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. एक म्हणजे, खाणारी तोंडं वाढली, अन्न हवं, मग जंगल जाणारच. दुसरी, हे सगळं लाकूडवाल्या कंपन्यांचं काम. दोन्हींत तथ्य आहे, पण तेवढ्यावर थांबलं की मुख्य गोष्ट नजरेआड होते. बरंच वाचून झाल्यावर माझं मत पक्कं झालंय की पुष्कळ ठिकाणी जंगल तुटतं ते जमीन ताब्यात यावी म्हणून. पीक हा नंतरचा विषय. जरा लांबण लागेल, पण विषयच तसा आहे.

२०२२ साली 'सायन्स'मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. २०११ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधात जितकं जंगल तुटलं त्यातल्या ९० ते ९९ टक्के तोडीमागे शेती किंवा गुरं हे कारण होतं. यात नवल नाही. पुढचा आकडा मात्र मी पुन्हा पुन्हा वाचला: तोडलेल्या जमिनीपैकी फक्त ४५ ते ६५ टक्के जमिनीवर प्रत्यक्ष उत्पादन सुरू झालं. बाकीची कुणी भाव वाढेल म्हणून अडवून ठेवली, कुठे एक-दोन हंगामांत शेती बसली, कुठे लावलेली आग हाताबाहेर गेली. म्हणजे इतकं जंगल कुणाच्याही ताटात घासभर न पडता संपलं.

हे कसं घडतं ते ब्राझीलच्या रोंडोनिया राज्यात फार स्पष्ट दिसतं. तिथला बीआर-३६४ हा महामार्ग १९८४ साली जागतिक बँकेच्या कर्जातून डांबरी झाला. त्या भागाची उपग्रहचित्रं वर्षावर्षाने लावून बघा. आधी नुसती रस्त्याची रेघ, मग तिला काटकोनात फुटलेल्या वाटा, मग त्या वाटांच्या दोन्ही अंगांना उघडे पडत गेलेले पट्टे. सगळं मिळून माशाचा काटा.

तोडीचा क्रम साधारण ठरलेला असतो. पहिल्यांदा महोगनी, इपे अशी किमती झाडं हुडकून काढतात. त्या लाकडाच्या पैशातून आत जायची वाट होते. मग खालची झुडपं आणि वेली साफ करतात. पाऊस ओसरला की मोठी झाडं आडवी करतात, काही आठवडे उन्हात वाळू देतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पेटवतात. राख निवली की आफ्रिकेतून आलेल्या ब्रॅकिएरिया गवताचं बी टाकतात. त्यावर गुरं येतात, हेक्टरी जेमतेम एखादं जनावर.

इतक्या विरळ चराईतून मिळतं काय? मांस मिळतंच, पण त्याहून मोठी गोष्ट मिळते ती वहिवाट. सरकारी जंगलात घुसून झाडं काढली, कुंपण घातलं, गुरं सोडली, की ही जमीन वापरात आहे असा दावा उभा राहतो. अशा कब्जेदारांना मालकी देणारा कायदा ब्राझीलने २००९ साली केला आणि २०१७ साली त्यातली, म्हणजे कधीपर्यंतचा कब्जा चालेल ही, मुदत पुढे सरकवली. मुदत एकदा सरकली की पुढचा माणूस समजून चुकतो: आज तोडलं तर उद्या कधीतरी नावावर होईल. शिवाय मोकळ्या केलेल्या जमिनीला उभ्या जंगलापेक्षा कितीतरी जास्त भाव येतो, तो वेगळाच.

अजून एक लिहिल्याशिवाय राहवत नाही. ब्राझील नटचं झाड तोडायला तिथे कायद्याने बंदी आहे. म्हणून कुरण करताना ती झाडं तेवढी ठेवतात. तीस-चाळीस मीटर उंच, सरळसोट खोड आणि आजूबाजूला नुसतं गवत. या झाडाचं फूल झाकण लावल्यासारखं मिटलेलं असतं; ते उचलून आत शिरायला मोठ्या, ताकदवान मधमाश्या लागतात, आणि त्या माश्या वर्षभर जगायच्या तर जवळ जंगल लागतं. फळाचं कवच इतकं टणक की ते कुरतडून बिया ठिकठिकाणी पुरून ठेवायला अगूटी नावाचा प्राणी लागतो. कुरणात माश्याही नाहीत आणि अगूटीही नाही. कायद्याने झाड वाचलं, पण त्याचं रोप पुन्हा उगवणार नाही.

ज्यांना शेतीची, मातीची माहिती आहे त्यांनी जरूर लिहा.

नवखी:

फार आवडलं. एक शंका आहे. जिथे एवढं घनदाट जंगल वाढतं तिथली माती सुपीकच असणार ना? मग तिथली शेती एक-दोन हंगामांत का बसते?

मातीवेडा:

नवखी, सगळं घोडं इथेच तर पेंड खातं.

अ‍ॅमेझॉन खोऱ्याचा बहुतेक भाग नदीच्या पुराच्या पातळीच्या वर आहे. तिथे जंगलात खड्डा घेतला तर वर पालापाचोळा, त्याखाली बारीक मुळं आणि बुरशीचे तंतू यांचं दाट जाळं, मग थोडासा काळसर थर, आणि त्याखाली कित्येक मीटर पिवळी-तांबडी चिकणमाती. लाखो वर्षांच्या पावसाने धुऊन निघालेली. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश केव्हाच वाहून गेलेत. स्फुरद आहे, पण लोह आणि अ‍ॅल्युमिनियमने तो असा धरून ठेवलेला असतो की पिकाच्या वाट्याला येत नाही. माती आम्ल, त्यामुळे अ‍ॅल्युमिनियम विरघळतं आणि मुळांना बाधतं.

मग जंगल जगतं कशावर? स्वतःवरच. पान गळतं, कुजतं, आणि त्यातलं अन्न पाण्याबरोबर खाली झिरपण्याआधी मुळं ते उचलून घेतात. तरी थोडा स्फुरद दरवर्षी पावसापुरात जातोच. तो भरून येतो आफ्रिकेतून! चाडमधल्या बोडेले नावाच्या कोरड्या सखल भागातली धूळ वाऱ्याबरोबर अटलांटिक ओलांडते. नासाच्या उपग्रहाने केलेल्या मोजणीनुसार तिच्याबरोबर दरवर्षी सुमारे २२ हजार टन स्फुरद अ‍ॅमेझॉनवर पडतो, म्हणजे जवळपास जेवढा वाहून जातो तेवढाच. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ नकाशा काढून बसलो होतो.

आता हे जंगल पेटवलं की झाडांच्या अंगातली पिढ्यान्‌पिढ्यांची साठवण एका दिवसात राख होऊन जमिनीवर पडते. नत्र आणि गंधक बरंचसं धुरातच जातं. राखेने आम्लता उतरते, म्हणून पहिल्या वर्षी मका, भात जोरात येतो. बघणाऱ्याला वाटतं, काय जमीन आहे! दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात राख धुऊन जाते आणि तण माजतं. गवत लावलं तर तेही काही वर्षांत विरळ होतं, गुरांच्या खुरांनी माती दबते, आणि ओसाड कुरण मागे टाकून माणूस पुढच्या जंगलाकडे बघायला लागतो.

पण ही माती शेतीला कायमची निकामी आहे असंही नाही. ब्राझीलच्याच सेराडो या माळरानी भागात चुना आणि स्फुरद घालून सोयाबीन उभं केलं गेलं. आणि अ‍ॅमेझॉनमध्येच जुन्या वस्त्यांच्या जागी काळ्या मातीचे पट्टे सापडतात. कोळसा, माशांची हाडं, खापरं, केरकचरा मिसळून तिथल्या मूळ रहिवाशांनी दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीपासून ती माती घडवली आणि ती आजही कसदार आहे. म्हणजे माती सुधारते. पण सुधारायला पैसा, कष्ट आणि वर्षं लागतात. शेजारचं जंगल फुकट असेल तोवर एवढं कोण करणार?

हिशेबनीस:

मातीवेडा, तुमच्या शेवटच्या वाक्याला अर्थशास्त्रात नाव आहे. फ्रांस्वा रुफ या फ्रेंच अभ्यासकाने कोकोच्या शेतीवर वर्षानुवर्षं काम करून 'जंगलाचा खंड' (खंड म्हणजे जमिनीच्या वापराचं भाडं) ही कल्पना मांडली. नुकत्याच तोडलेल्या जंगलात कोको लावला तर तण कमी, रोग कमी, माती ताजी, ओल टिकलेली. हा सगळा फायदा जंगलाने दिलेला असतो आणि शेतकरी त्यासाठी कुणालाच काही मोजत नाही. पंचवीस-तीस वर्षांनी झाडं म्हातारी होतात. त्याच जागी पुन्हा लागवड करायची तर मेहनत आणि खत दोन्ही कितीतरी जास्त लागतं. नवं जंगल तोडणं स्वस्त पडतं. म्हणून कोको एका जागी टिकत नाही, सरकत राहतो.

आयव्हरी कोस्टमध्ये हे सगळं एका पिढीच्या डोळ्यांदेखत झालं. १९६० साली देश स्वतंत्र झाला. अध्यक्ष उफ्वे-ब्वान्यी यांचं धोरण सरळ होतं: जो जमीन कसेल, जमीन त्याची. उत्तरेच्या कोरड्या भागातून आणि बुर्किना फासोतून लाखो लोक दक्षिणेच्या जंगलपट्ट्यात आले. कोकोची आघाडी पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत गेली. तेव्हापासून देशाचं ८० टक्क्यांहून जास्त जंगल गेलंय. आज जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना हे दोनच देश पिकवतात. बाहेर मोकळं जंगल उरलं नाही तेव्हा लागवड राखीव वनांत शिरली. २०१६ साली माँ पेको राष्ट्रीय उद्यानातून हजारो कुटुंबांना बाहेर काढलं, तेव्हा त्यांच्यातले कित्येक जण वर्षानुवर्षं तिथे कोको घेत होते, आणि व्यापारी तो विकत घेत होते.

पाणकणीस, तुमचा मुद्दा इथे लागू पडतो, पण थोडा बदलून. हे लोक सट्टेबाज नाहीत. त्यांना खरंच पीक हवं होतं. पण जंगल न तोडणाऱ्याला हक्क नाही आणि तोडणाऱ्याला आहे, हा नियम दोन्हीकडे तोच.

बांधावरून:

धागा उत्तम चाललाय, पण एका गोष्टीची मला मनापासून काळजी वाटते. 'तोडून जाळून शेती' म्हटलं की फिरती शेती करणारे आदिवासी आणि रोंडोनियातला कब्जेदार एकाच रांगेत उभे केले जातात. हे फार अन्यायाचं आहे.

जुन्या पद्धतीच्या फिरत्या शेतीत तुकडा लहान असतो, मोठ्या झाडांचे बुंधे आणि मुळं जमिनीतच ठेवतात, दोन-तीन वर्षं पीक घेतात आणि मग दहा-वीस वर्षं जमिनीला विसावा देतात. बुंध्यांना फुटवे येतात, आजूबाजूच्या जंगलातून पाखरं आणि वटवाघळं बिया आणून टाकतात. लॅटिन अमेरिका आणि पश्चिम आफ्रिकेतल्या अशा पुन्हा उगवलेल्या जंगलांचा अभ्यास २०२१ साली आला. वीस वर्षांत ती जंगलं निरनिराळ्या बाबतींत जुन्या जंगलाच्या सरासरी ७८ टक्क्यांपर्यंत पोचतात. मातीचा कस तर दहा वर्षांच्या आतच बराचसा परत येतो. झाडांतला कार्बन आणि प्रजातींची मूळ सरमिसळ यायला मात्र शतकाहून जास्त काळ लागतो. म्हणजे विसावा मिळाला तर ही पद्धत जंगलाशी जुळवून घेणारी आहे.

बिघडतं ते विसावा कमी झाल्यावर. काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकात आज तेच चाललंय. तिथे महाकाय सोयाबीन कंपन्या नाहीत, गुरांचे कळप नाहीत. आहे ती कसावा, मका, भुईमूग लावणारी छोटी कुटुंबं आणि कोळसा. पाचातल्या एखाद्याच माणसाच्या घरी वीज, बाकीच्यांची चूल लाकडावर किंवा लोणारी कोळशावर. किन्शासा दीड कोटीच्या वर गेलेलं शहर आहे आणि त्याच्या स्वयंपाकासाठी आसपासची रानं कोळसा होऊन येतात. रस्त्याकाठच्या गावांत विसावा पंधरा वर्षांवरून तीन-चार वर्षांवर आला की जंगल परत यायला वेळच उरत नाही. अशी चूल पेटवणाऱ्या बाईला "झाड तोडू नकोस" सांगून काय होणार? तिला गॅस किंवा वीज द्या, शहराभोवती जळणाची लागवड करा.

कळलावी:

मला मूळ मांडणीवर आक्षेप आहे. ब्राझीलवरून सगळ्या उष्णकटिबंधाचा निष्कर्ष काढता येत नाही. सुमात्रा-बोर्निओत पाम तेलाचे मळे आहेत ते काय वहिवाट दाखवायला? तिथे खरोखर तेल निघतं, आणि भरपूर निघतं. हेक्टरी ३ ते ४ टन. सोयाबीनचं तेल हेक्टरी अर्धा टनसुद्धा मुश्किलीने भरतं.

पामची रचनाच निराळी आहे. फळांचा घड कापला की एका दिवसात, फार तर दोन दिवसांत घाण्यात जायला हवा, नाहीतर तेलातली आम्लता वाढून भाव पडतो. म्हणून मधोमध घाणा आणि भोवती हजारो हेक्टर मळा, असाच तो उभा राहतो. एक घाणा आला की आसपासचे छोटे शेतकरीही पामकडे वळतात, कारण गिऱ्हाईक दारात असतं. इंडोनेशियात पामखालची सुमारे ४० टक्के जमीन अशा छोट्यांकडे आहे. हे पिकासाठीच केलेलं आहे.

तिथली खरी भीषण गोष्ट पीट जमिनीची. दलदलीत हजारो वर्षं न कुजता साठलेला, कित्येक मीटर जाडीचा पालापाचोळा म्हणजे पीट. तो पाण्याखाली आहे तोवर शांत असतो. चर खणून पाणी काढलं की हवा लागून कुजायला लागतो, खचतो, आणि कोरड्या वर्षात पेट घेतो. १९९६ साली इंडोनेशियाच्या सुहार्तो सरकारने बोर्निओतल्या मध्य कालिमांतानमध्ये १० लाख हेक्टर पीटवर भात पिकवायची योजना हाती घेतली. चार हजार किलोमीटरच्या वर कालवे खणले. पीटचा थर मधे फुगीर असतो हे लक्षात न घेता कालवे आरपार काढले, त्यामुळे पाणी शेतात येण्याऐवजी निघून गेलं. भात जवळजवळ पिकलाच नाही. १९९७च्या एल निन्योत ती जमीन महिनोन्‌महिने जळत राहिली आणि पुढे योजना गुंडाळली गेली. २०१५ साली पुन्हा तेच, धूर पार सिंगापूर-मलेशियापर्यंत. एवढं होऊनही इंडोनेशियाच्याच पापुआतल्या मेराउके भागात भात आणि उसासाठी तसाच अवाढव्य प्रकल्प सुरू झालाय. मन विषण्ण होतं.

पाणकणीस:

कळलावी, पामबद्दल तुमचं बरोबर आहे. सगळीकडे एकच कारण आहे असं मलाही म्हणायचं नाही. पण दहा लाख हेक्टरांचा तुमचा दाखला माझ्याच बाजूने जातो असं मला वाटतं! तिथे जंगल गेलं, लाकूड विकलं गेलं, आणि भात आलाच नाही. हिशेबनीस यांनी कोकोचा जो फरक दाखवला तो मात्र मोलाचा आहे.

नवखी:

मग पाम तेल असलेल्या वस्तू घेणं बंद करावं का? खूप जण तसं सुचवतात.

कळलावी:

माझ्या मते नाही. जगातल्या वनस्पती तेलापैकी एक तृतीयांशाहून जास्त तेल पामचं आहे. ते टाळून तेवढंच तेल सोयाबीन किंवा सूर्यफुलातून काढायचं तर कितीतरी पट जमीन लागेल, आणि ती जमीनही कुठल्यातरी जंगलाची किंवा माळरानाची असेल. शिवाय इंडोनेशियात पामसाठी होणारी तोड २०१२च्या सुमाराच्या शिखरावरून खूप खाली आली होती. मूळ जंगल आणि पीटवर नवे परवाने न देण्याचा निर्णय २०११ साली झाला आणि २०१९ साली कायमचा केला गेला. मोठ्या खरेदीदारांनीही तोडलेल्या जमिनीवरचं तेल न घेण्याची बंधनं स्वीकारली. गिऱ्हाइकाने विचारायचं ते एवढंच: हे कुठल्या घाण्यातून आलं आणि त्या घाण्याला फळ कुठून येतं?

दूरदर्शी:

उपग्रहचित्रांवर काम करतो, म्हणून थोडी भर. आणि थोडी उमेद द्यावी असंही वाटतंय, कारण ही तोड थांबवता येते हे ब्राझीलने दाखवलेलं आहे.

अ‍ॅमेझॉनमध्ये २००४ साली एका वर्षात २७,७७२ चौरस किलोमीटर जंगल साफ झालं. २०१२ साली हाच आकडा ४,५७१ होता. याच काळात सोयाबीनचं आणि मांसाचं उत्पादन वाढलं. केलं काय? मरीना सिल्वा पर्यावरणमंत्री असताना २००४ साली कृती-आराखडा आला. उपग्रहावरून काही दिवसांत इशारा देणारी 'डेटेर' यंत्रणा सुरू झाली. त्याआधी तोड कळायची ती वर्ष उलटल्यावर. कोट्यवधी हेक्टर सरकारी जंगल राखीव क्षेत्रं आणि आदिवासी प्रदेश म्हणून जाहीर झालं. २००८ साली कृषीकर्जाला अट आली की जमिनीचे कागद आणि पर्यावरणाचे नियम पाळल्याचा पुरावा असेल तरच पैसे. त्याच वर्षी जास्त तोड असलेले अख्खे तालुकेच काळ्या यादीत टाकले, त्यामुळे शेजारी शेजाऱ्यावर लक्ष ठेवायला लागले. २००६ पासून सोयाबीनच्या व्यापाऱ्यांनी नव्या तोडीवरचा माल न घेण्याचा करार पाळला.

पाणकणीस, तुमच्या मांडणीला यातून दुजोरा मिळतो. राखीव म्हणून जाहीर झालेल्या जंगलावर कब्जा करून कागद मिळण्याची आशा संपते, मग तोडायचं कशाला? उलट ज्या सरकारी जंगलाचं काय करायचं हे ठरलेलंच नाही अशी ५ कोटी हेक्टरांहून जास्त जमीन अ‍ॅमेझॉनमध्ये अजून आहे. आज कब्जेदारांचा डोळा तिच्यावर आहे. मनाउस ते पोर्तो वेल्यो हा बीआर-३१९ रस्ता पुन्हा पक्का करायचा वाद चालू आहे, त्याच्या आजूबाजूलाही अशीच जमीन पसरलेली आहे.

पळवाटा राहिल्या त्या गुरांत. मांस कंपन्या शेवटच्या गोठ्याची जागा तपासतात. पण वासरू जन्मतं तोडलेल्या रानात, वाढतं दुसरीकडे, आणि कापायला जातं ते तिसऱ्या, नियमात बसणाऱ्या रानातून. कागदावर सगळं चोख. जनावराच्या कानाला जन्मापासून क्रमांक लागत नाही तोवर हे थांबायचं नाही.

धोरण सैल झालं तशी २०२१ साली तोड पुन्हा १३ हजार चौरस किलोमीटरांवर गेली. २०२३ पासून परत कमी होत २०२५ साली ६ हजारांच्या आत आली. २०२४ साली जगभरात उष्णकटिबंधातलं ६७ लाख हेक्टर मूळ जंगल गेलं ही बातमी तुम्ही वाचली असेल, आदल्या वर्षीच्या जवळपास दुप्पट. त्यातलं निम्म्याच्या आसपास आगीत गेलं. भीषण दुष्काळ होता. ओलं जंगल आपण होऊन सहसा पेटत नाही. कुरणासाठी लावलेली आग कोरड्या वर्षात कडेने आत शिरते. एकदा जळलेलं जंगल विरळ होतं, त्यात ऊन आणि वारा शिरतो, आणि पुढच्या वेळी ते आणखी सहज पेटतं. म्हणून तोडीचा आकडा उतरला तरी मला गाढ झोप लागत नाही.

पाणकणीस:

दूरदर्शी, मनापासून आभार. एकच जोडते. सोयाबीनच्या कराराने अ‍ॅमेझॉनला आधार दिला, पण करार सेराडोला लागू नव्हता आणि नांगर तिकडे वळला. कायद्यातही तोच भेद आहे: अ‍ॅमेझॉनच्या जंगलात खाजगी जमिनीवर ८० टक्के जंगल राखायचं, सेराडोत बऱ्याच ठिकाणी २० टक्केच. सेराडोची झाडं खुजी, पण मुळं खोल, आणि ब्राझीलच्या कितीतरी मोठ्या नद्या तिथे उगम पावतात. आता तर त्या करारावरच घाला आलाय. असे करार पाळणाऱ्या कंपन्यांच्या करसवलती काढून घेणारा कायदा मातो ग्रोसो राज्याने २०२४ साली केला. वीस वर्षांत कमावलेलं इतक्या सहज जाऊ देऊ नये.

आडवाट:

कोस्टा रिकाचं नाव अजून कसं आलं नाही? १९४० च्या सुमाराला तीन चतुर्थांश देश जंगलाखाली होता, १९८० च्या दशकात तो पाव भागावर आला. आज पुन्हा निम्म्याहून जास्त. १९९६ च्या कायद्याने नैसर्गिक जंगलाचा वापर बदलायला बंदी केली आणि त्याच कायद्याने जंगल राखणाऱ्या जमीनमालकाला पैसे द्यायला सुरुवात केली, तेही इंधनावरच्या करातून. अर्थात त्याआधीच मांसाचे भाव पडून कुरणं तोट्यात गेली होती, त्याचाही हातभार लागला. पण मनाई आणि मोबदला एकत्र आले, हे मला महत्त्वाचं वाटतं.

बांधावरून:

आडवाट, मोबदला मिळायला आधी जमीन नावावर लागते. कोस्टा रिकात बहुतेकांकडे कागद होते. पश्चिम आफ्रिकेत, काँगोत ते नसतात, आणि म्हणूनच युरोपियन युनियनच्या नव्या कायद्याबद्दल माझ्या मनात दोन्ही बाजूंनी विचार येतात. २०२३ च्या या कायद्यानुसार कोको, कॉफी, पाम तेल, रबर, सोयाबीन, गुरं आणि लाकूड यांपैकी काहीही युरोपात विकायचं तर ते ३१ डिसेंबर २०२० नंतर तोडलेल्या जमिनीवरचं नाही हे शेताच्या ठिकाणासकट दाखवावं लागेल. हेतू योग्य आहे. अंमलबजावणी मात्र दोनदा पुढे ढकलली गेली. दोन हेक्टरवाल्या शेतकऱ्याच्या शेताची हद्द कोण मोजणार, खर्च कुणी सोसायचा, आणि मोजलेली माहिती कुणाच्या मालकीची, हे सुटलेलं नाही. व्यापारी सोपा मार्ग काढेल आणि मोठ्या मळ्यांकडूनच माल उचलेल, अशी भीती वाटते.

आणि कागद फक्त जमिनीचाच नसतो, झाडाचाही असतो. घानात कायदा असा आहे की लावलेलं झाड लावणाऱ्याचं, पण आपोआप उगवलेलं झाड शासनाच्या ताब्यात. कोकोला सावली लागते. शेतात ओदुम किंवा महोगनीचं रोप आपसूक उगवलं तर शेतकऱ्याने ते जपावं असं आपल्याला वाटतं. तो जपत नाही. ते झाड मोठं झालं की लाकूडतोडीचा परवाना घेतलेला ठेकेदार येतो, झाड पाडतो, पडताना खालची कोकोची झाडं मोडतात, आणि भरपाई मिळाली तर मिळाली. म्हणून बरेच शेतकरी ते रोप हातभर असतानाच उपटून टाकतात, किंवा मोठं असेल तर बुंध्याला आग लावून वाळवतात.

नवखी:

पण मग त्यांनी उगवलेल्या झाडाची आपल्या नावाने नोंद केली तर?

बांधावरून:

तसे प्रयोग घानात सुरू आहेत. शेजारच्या आयव्हरी कोस्टने २०१४ च्या वनकायद्यात झाड जमीनमालकाचं मानलं, पण तिथे पुन्हा जमिनीचा कागद बहुतेकांकडे नाही. घानातल्या नोंदीतली मेख अशी की झाड आपण लावलंय हे शेतकऱ्यानेच सिद्ध करायचं, त्यासाठी वनखात्याचा माणूस शेतावर यायला हवा, आणि त्याच्या येण्याजाण्याचा खर्च असतो. मला विचाराल तर हे ओझं उलटं हवं: शेतात उभं असलेलं झाड शेतकऱ्याचं धरायचं, आणि ज्याला ते तोडायचंय त्याने आपला हक्क सिद्ध करायचा.